कुत्र्यांची पंगत

"कुत्रं कुणाचं हाय?"

दवाखान्याच्या पायरीवर कुणी शेळी घेऊन आलं, म्हैस घेऊन आलं, अगदी पाटीत कोंबड्या घेऊन आलं तरी मामांचा पहिला प्रश्न हाच असायचा. समोरचा माणूस गोंधळायचा. बकरी लंगडते म्हणून तो बिचारा उन्हातून चालत आलेला असायचा आणि इथे त्याला कुत्र्याबद्दल विचारत होते. "न्हाय मामा, कुत्रं न्हाय आणलं. बकरी हाय की ही," तो सांगायचा. "ती दिसतीय मला. मागनं आलंय ते कुणाचं?" आणि खरोखरच फाटकाशी एक कुत्रं जीभ बाहेर काढून बसलेलं असायचं. खेड्यात माणूस बकरी घेऊन निघाला की त्याचं कुत्रं मागोमाग निघतंच. आपल्याला त्याची इतकी सवय असते की ते दिसत नाही. मामांना आधी तेच दिसायचं.

मामा म्हणजे आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले परिचर. सरकारी दवाखान्यात अशा माणसाला सगळेच मामा म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. मंद्रूपच्या पुढे आत वळल्यावर एक गाव लागतं, तिथे हा दवाखाना. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आणि अंगणात एक कडुनिंब. मी तिथे डॉक्टर म्हणून नऊ वर्षं काढली. काढली हाच शब्द बरोबर आहे. लसीकरणाचे तक्ते, जनावरांच्या कानातले बिल्ले, ऑनलाइन भरायची माहिती आणि रेंज नसलेला फोन. दुपारी पत्रा असा तापायचा की खुर्चीतून उठणंसुद्धा जिवावर यायचं. मी थकलेला माणूस होतो आणि मला ते मान्य होतं. मामाही थकायचे, पण त्यांना ते कबूल नसायचं.

अंगाने शिडशिडीत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि खाकी शर्टाच्या खिशात कायम सुतळीचा गुंडा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या खिशात काय आहे यावरून त्यांच्या डोक्यात काय आहे ते कळतं. मामांची सुतळी कुत्री बांधायला होती.

का, ते मामा कुणालाही सांगायचे. विचारा किंवा विचारू नका. खोड्यात म्हैस अडकवून माणूस मोकळा झाला की मामा खाली उकिडवे बसायचे आणि काडीने मातीत एक गोल काढायचे. गोलाच्या एका बाजूला कुत्रं, समोरच्या बाजूला बकरी.

"हे कुत्रं. ह्याच्या आतड्यात किडा असतो, तांदळाच्या कणीएवढा. कुत्र्याला काय बी होत न्हाय, मजेत असतंय. पण त्येच्या हागण्यातनं किड्याची अंडी पडत्यात. गवतावर पडली, पाण्यात पडली. ते गवत बकरीनं खाल्लं की तिच्या काळजात, न्हायतर फुप्फुसात पाण्याची गाठ धरती. बकरी कापली, गाठ निघाली. आपण काय करतो? आपल्याला नको म्हून कुत्र्याला टाकतो. कुत्र्यानं गाठ कच्ची खाल्ली की पुन्हा किडा. आलं का ध्यानात? हे फिरतच ऱ्हातंय."

मग गोलाच्या बाहेर एक छोटी उभी रेघ ओढायचे. "आणि हा माणूस. ह्येचा काय संबंध न्हाय. पण कुत्र्याच्या अंगावरनं हात फिरवतो आणि त्याच हातानं भाकरी मोडतो. मग ह्येच्या बी काळजात गाठ."

एकदा एका म्हातारीने त्यांना विचारलं, "मग माणसाची गाठ कोण खातंय?"

मामांनी काडी खाली ठेवली. "कुणी न्हाय आज्जी. माणसाला आपण जाळतो न्हायतर पुरतो. किड्याची वाट हितं संपती. किडा बी फसला आणि माणूस बी फसला."

मी पाच वर्षं कॉलेजात हे शिकलो होतो. मला कुणी विचारलं असतं तर मी इतकं सोपं सांगू शकलो नसतो, आणि खरं सांगायचं तर मी खुर्चीतून उठलोच नसतो.

मातीतली ती उभी रेघ म्हणजे मामी, हे मला नंतर कळलं. मामांची बायको. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कर्नाटकातलं. मराठी बोलता बोलता मधेच कानडी शब्द टाकायची. कशाचा कंटाळा आला की "साकु" म्हणायची, म्हणजे बास, पुरे. मी त्या दवाखान्यात रुजू व्हायच्या तीन वर्षं आधी तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. आधी गावात काढे झाले, मग सोलापूरला नेलं. काळजात, म्हणजे यकृतात, नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी सोलापुरातल्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरी कुत्रं आहे का?"

"होतं की, लई गुणी होतं," मामा अभिमानाने म्हणाले होते.

त्या कुत्र्याचं नाव वाघ्या. मामांचा त्याच्यावर फार जीव. गावच्या दर जत्रेला माळावर बकरी कापली जायची तेव्हा मामा खराब निघालेली फुप्फुसं, काळजाचे तुकडे पिशवीत भरून घरी आणायचे, वाघ्यासाठी. दवाखान्यात काम करणारा माणूस, पण ही गोष्ट त्यांना तोवर कुणी सांगितली नव्हती. वाघ्या अंगणात मामीच्या पायाशी झोपायचा. ती त्याला थोपटायची, त्याचं ताट घासायची आणि उठून पीठ मळायला बसायची. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं तेव्हा मामा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिले. वाघ्या त्याआधीच म्हातारा होऊन मेला होता. रागावायलाही कुणी उरलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. पण पुढच्या तपासणीत काळजाच्या दुसऱ्या बाजूला अजून एक लहान गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, लक्ष ठेवू, पण वाढली तर कठीण आहे, हिचं हृदय पुन्हा भूल सोसणार नाही. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मामा मामीला घेऊन सोलापूरला जायचे. सकाळच्या एसटीने जायचे, दुपारी परतायचे. सोनोग्राफीचं पाकीट आधी माझ्या टेबलावर यायचं. "किती हाय बघा सायेब." मी आकडा वाचायचो. "आहे तेवढीच आहे." मग ते पाकीट दोन्ही हातांनी उचलून पिशवीत ठेवायचे आणि ताबडतोब झाडू हातात घ्यायचे. नऊ वर्षं त्या माणसाचा जीव त्या एका आकड्यात अडकलेला मी पाहिला.

एका वर्षी मला कुठूनशा कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्या मिळाल्या. मी मामांना दिल्या आणि पुस्तकात वाचलेलं सांगून टाकलं, की गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि त्याची विष्ठा पुरायची, नाहीतर मेलेल्या किड्यांबरोबर अंडी बाहेर पडून सगळीकडे पसरतात. असं सांगायचं असतं म्हणून मी सांगितलं. असं कुणी करेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मामांनी गावातलं एकूण एक कुत्रं बांधलं. सुतळीचे गुंडे संपले तेव्हा कासरे घेतले, साडीचे काठ फाडले. ज्यांना मालक होते ती मालकाच्या दारात आणि ज्यांना कुणी नव्हतं ती सगळी मामांच्या अंगणात. तुम्ही कधी एक अख्खं गाव भुंकताना ऐकलंय? एकाने सुरुवात केली की वेशीपर्यंत सगळी सुरू. त्यांना सुटं फिरायची सवय, बांधून घ्यायची सवयच नव्हती. मामा हातात फावडं आणि बादली घेऊन दारोदार फिरत होते आणि लोक दारातून त्यांना शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा मला फोन आला. "डॉक्टर, तुमच्या मामाला आवरा. गावात कुणाचा डोळ्याला डोळा न्हाय."

मी मोटरसायकल काढून मामांच्या घरी गेलो. अंगणात अकरा कुत्री अकरा सुरांत रडत होती आणि मधे मामी कानांवर पदर दाबून बसली होती. मला पाहून एवढंच म्हणाली, "साकु, सायेब. साकु." मामा बादली घेऊन मागून आले. घामाने चिंब झालेले. "आजचा दिवस, सायेब. संध्याकाळी सोडतो. मग ह्यांच्यापास्नं हिला काय भ्या न्हाय."

 गोळी एकदा देऊन भागत नाही, काही महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते, हे तेव्हा सांगायचा मला धीर झाला नाही. ते मी पुढच्या आठवड्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुतळी आणायला बाजारात गेले.

गोळ्यांपेक्षा अवघड काम होतं ते जत्रेचं. गावाबाहेरच्या माळावर खंडोबाचं देऊळ आहे. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी देवळापासून लांब, माळाच्या उताराला बकरी पडतात. आता खंडोबाच्या गावात कुत्र्याला कोण हाड म्हणणार? ते देवाचं कुत्रं. माणसांच्या पंगतीआधी त्याला वाटा टाकायचा, ही तिथली जुनी रीत. वाटा म्हणजे बकऱ्यात जे माणसाला नको ते, आणि त्यात सगळ्या गाठी आल्या. श्रद्धेने, हात जोडून, गाव आपल्या कुत्र्यांना दरसाल किडे चारत होतं.

पहिल्या वर्षी मामांनी खड्डा खणला. गावचा मुलाणी बकरी कापायचा, त्याच्याशी बोलून त्यांनी सगळ्या गाठी खड्ड्यात टाकल्या, वर चुना, वर माती. दुपारी लोक जेवायला बसले तेवढ्यात कुत्र्यांनी खड्डा उकरला. दुसऱ्या वर्षी मामांनी काठी घेतली आणि सरळ कुत्र्यांच्या तोंडातून तुकडे ओढून घ्यायला लागले. तेव्हा मात्र कहर झाला. देवळाचा गुरव म्हातारा, पण आवाज खणखणीत. "देवाच्या कुत्र्याच्या तोंडचा घास काढतोस? तुझ्या घरात आजारपण हाय, ते आता गावात आणतोस व्हय?" भर माळावर चारचौघांसमोर बोलला. मामांनी काठी टाकली. देवळात जाऊन नाक घासलं, कपाळाला भंडारा लावून घेतला आणि घरी निघून गेले. त्या दिवशी मी तिथेच होतो, मटणाचं ताट पुढ्यात घेऊन. उठून चार शब्द बोलायला हवे होते. डॉक्टर होतो, लोकांनी ऐकलं असतं कदाचित. मी उठलो नाही. रस्सा गार होईल, असलं काहीतरी मनात होतं.

मग मामा बरेच महिने गप्प होते. तिसऱ्या जत्रेच्या आधी एकदा माझ्याकडे आले. "सायेब, गाठ उकळली तर आतलं मरतं का?"

"मरतं की. चांगलं तासभर उकळलं तर काही राहत नाही."

"मग झालं," म्हणाले, आणि तसेच गुरवाकडे गेले. पुढचा संवाद मी गुरवाच्याच तोंडून ऐकला. मामांनी त्याला विचारलं, देवाला आपण कच्चं पीठ दाखवतो का? नाही. मग देवाच्या कुत्र्याला कच्चं का? घास काढत नाही, शिजवून देतो. गुरव दाढी खाजवत म्हणाला, "शिजवून द्यायला देवाची ना न्हाय."

त्या वर्षीपासून माळावर कुत्र्यांची पंगत सुरू झाली. मामा पहाटेच मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं डोक्यावर घेऊन यायचे. तीन दगडांची चूल मांडायचे, तुराट्या, धसकटं, मिळेल ते जळण लावायचे आणि लोखंडी फुकणीने फुंकत बसायचे. मुलाणी गाठी, फुप्फुसं, सगळं एका घमेल्यात टाकायचा, घमेलं भरलं की हाक मारायचा. तासभर रटरट उकळल्यावर मामा ते पत्रावळींवर गार करत ठेवायचे. कुत्र्यांना पहिल्या वर्षी काही कळेना. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती चुलीभोवती येऊन बसायला लागली. पंगत म्हणायची एवढंच, रांग वगैरे काही नाही, वाढलं की मारामारी ठरलेली. मामा काठी घेऊन मधे उभे. "गप ए काळ्या. तू मघा खाल्लंस की. त्या लंगडीला खाऊ दे." लोक हसायचे. "मामा, मीठ घातलंय का?" कुणीतरी विचारायचं. "तुला वाढू का चाखायला?" मामा वर न बघता म्हणायचे.

त्यांचा खोकला पहिल्यांदा कधी ऐकला ते मला आठवत नाही. असा खोकला ऐकू येत असतो आणि आपण तो ऐकत नसतो. शेवटची दोन वर्षं होता, एवढं नक्की. लोक म्हणायचे, चुलीचा धूर. मीही म्हणायचो. त्यांना विडी-तंबाखू काही नव्हतं, तरी धूर म्हटलं की सगळ्यांचं समाधान व्हायचं. त्यांचंही.

त्याच सुमारास एक दिवस मी त्यांना बोलून गेलो. पुन्हा गोळ्या वाटायचा दिवस होता आणि ते सकाळपासून उन्हात फिरून आले होते. मला त्यांची दया आली, आणि थोडा रागही. म्हटलं, "मामा, एक सांगू का? मामीच्या पोटात जी गाठ आहे ती जुनी आहे. वाघ्याच्या वेळची. तुम्ही आता गावातली सगळी कुत्री धुऊन पुसून ठेवलीत तरी त्या गाठीला काही फरक पडत नाही."

ते मडक्यातलं पाणी पीत होते. प्यायले, पेला पालथा घातला.

"म्हाईत हाय, सायेब."

"कधीपासून?"

"डॉक्टरनं तवाच सांगितलं हुतं." मग म्हणाले, "पण मग मी काय करू? तिच्याकडं बघत बसू? बसलं की ते वाघ्याचं ताट दिसतंय."

 ते खोकत खोकत उठले आणि दुसऱ्या आळीची कुत्री बांधायला गेले.

त्यानंतरच्या जत्रेत मी चुलीपाशी उभा होतो. जळण ओलं होतं. मामांनी दोनदा फुंकर मारली आणि फुकणी माझ्यापुढे धरली. "सायेब, जरा तुमी फुका. मला दम लागतोय." मी हसत हसत बसलो आणि फुंकलं. सगळे म्हणाले, आज साहेब कामाला लागले. मामाही हसले, छातीवर हात ठेवून. मला तेव्हा काही म्हणजे काही वाटलं नाही.

फाल्गुनात एका वासराला सलाइन लावत होतो. मामांनी त्याचं डोकं धरलं होतं. त्यांना खोकल्याची ढास लागली, थांबेचना. वासरू सोडून ते कडुनिंबाला टेकले आणि त्यांच्या तोंडातून पाणी आलं. भरपूर, नितळ पाणी. टॉवेलने तोंड पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, खारट लागतंय."

 खारट पाणी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. फुप्फुसातली गाठ फुटली की तसं पाणी येतं. एकाच अंगणात, एकाच वाघ्याला दोघांनी थोपटलं होतं, एकाच परातीतली भाकरी दोघांनी खाल्ली होती. दर सहा महिन्यांनी हा माणूस बायकोला सोनोग्राफीच्या खोलीत पाठवून बाहेर बाकावर बसायचा, आणि त्याच दवाखान्यात चार पावलांवर छातीचा फोटो काढायची खोली होती. मी जनावरांचा डॉक्टर आहे, पण एवढं कळायला माणसांचा डॉक्टर असावं लागत नाही. वासराचा श्वास जरा वेगळा वाटला तर मी कान लावून ऐकतो. दोन वर्षं माझ्या टेबलापासून दहा फुटांवर हा माणूस खोकत होता.

गाडी मिळवून त्यांना सोलापूरला नेलं. वाटेत त्यांच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला. तरी बोलत होते. "ही तीच का, सायेब?"

"बघू मामा. आधी फोटो काढू."

"तीच असणार," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "हिच्या गोळ्या परवा संपत्यात. तेवढ्या घेऊन ठेवा."

फोटोत मोठी गोल सावली होती. मामीच्या गाठीपेक्षा कितीतरी मोठी. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी मामा गेले.

मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती तुमच्या लक्षात आली असेल.

पावसाळ्यात माझी सोलापूरच्या कार्यालयात बदली झाली. आता टेबल मोठं आहे, वर पंखा आहे, तक्ते तेच आहेत. दवाखान्यात नवा परिचर आला, चांगला आहे, वेळेवर येतो. कुत्र्याबद्दल विचारत नाही. त्याला कुणी सांगितलं नसेल, आणि सांगायला हवं होतं ते मी.

मार्गशीर्षात जत्रा आली. जायचं काही कारण नव्हतं, पण सकाळी उठलो आणि मोटरसायकलला किक मारली. रानात ज्वारी निसवली होती. माळावर पोचलो तेव्हा उताराला बकरी पडायला सुरुवात झाली होती. पहिलं काय दिसलं तर तीन काळे दगड, गेल्या वर्षीचे, तसेच मांडलेले. आणि त्यांच्याभोवती कुत्री बसलेली. काळ्या होता, लंगडी होती, दोन नवी पिल्लं होती. चुलीत राख होती, पावसाने बसलेली, त्यावर गवत उगवलेलं. कुत्री वाट बघत होती.

मुलाण्याने मला पाहिलं. त्याच्या पायाशी घमेलं होतं आणि सवयीने त्याने त्यात गाठी टाकल्या होत्या. "भरत आलंय सायेब," म्हणाला, "टाकू का काय करू?"

मला उत्तर द्यायचं होतं. पण मी दमलो होतो, नुसता मोटरसायकल चालवून आल्याचा दम नव्हता तो. आणि पातेलं कुठून आणणार, हा विचारही मनात आला, खरं सांगतो.

तेवढ्यात पायवाटेने मामी येताना दिसली. डोक्यावर ते ॲल्युमिनियमचं पातेलं, काखेत तुराट्यांचा भारा, कमरेला फुकणी खोचलेली. फार सावकाश येत होती. मी पुढे जाऊन पातेलं उतरवून घेतलं.  खाली बसून तिने हाताने चुलीतलं गवत उपटलं, राख बाजूला सारली आणि तुराट्या रचल्या. काडी ओढली. दव पडून जळण ओलसर झालेलं, नुसता धूर झाला. ती फुकणी तोंडाला लावून फुंकायला लागली. दोनदा फुंकलं आणि थांबली. एक हात कुशीवर, टाक्यांच्या जागी.

"मला पोटातनं जोर लागत न्हाय," म्हणाली, आणि फुकणी माझ्याकडे दिली.

मी शेजारी बसलो. विचारलं, "मामी, मागच्या तपासणीला काय म्हणाले?"

"हाय तेवढीच हाय म्हणाले. लेक आली हुती सासरवरनं, तिनं नेलं हुतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमी छातीचा फोटो काढलाय का कधी?"

"नाही, अजून नाही."

"काढा. ह्यांनी सगळ्या गावाला इचारलं. ह्यांना कुणी इचारलं न्हाय. मी बी न्हाय." तिने एक तुराटी मोडून आत सरकवली. "म्हून मी आता इचारती."

मान हलवली. मी फुकणी तोंडाला लावली. लोखंड गार होतं. फुंकत राहिलो, धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं, तरी फुंकत राहिलो. मागे मुलाणी घमेलं घेऊन उभा होता आणि कुत्री पुढे सरकत होती. किती वेळ फुंकत होतो कुणास ठाऊक. मामीने माझ्या दंडाला हात लावला तेव्हा भानावर आलो.

"साकु, सायेब," ती म्हणाली. "पेटली."